लाल डब्यातले बांगडे

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, शिफ्ट संपली की लॉग लिहायचो. कंपनी परराज्यात गेली, आम्हाला हातात चेक देऊन घरी बसवलं, पण लिहायची खाज काही गेली नाही. मागची डायरी भरली म्हणून आजपासून ही. आम्रपाली म्हणते, "दिवसभर मासे मोजायचे आणि घरी येऊन त्यांच्यावर निबंध लिहायचा. धन्य आहे तुमची भीमराजराव!" आम्रपाली म्हणजे माझी बायको. काळेवाडीत तिचं पिको-फॉलचं दुकान आहे आणि जीभ मशिनपेक्षा जोरात चालते.

दीड वर्ष झालं मी ताथवड्याला वर्षाली मॅडमकडे लागलो त्याला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा आहे. मॅडम मूळच्या हर्णैच्या. नऊ वर्षं एकच प्रश्न धरून बसल्यात, की समुद्राचं पाणी गरम होत चाललंय तर त्यात बांगड्याचं काय होतंय. दर शुक्रवारी हर्णैहून दोन पेट्या यशोदाबाईंच्या टेम्पोतून पिंपरीच्या मासळी बाजारात येतात. तिथून मी स्कूटरवर आणतो. लांबी घ्यायची, वजन घ्यायचं, पोट फाडून गाभोळी, म्हणजे अंडी, आहे का बघायचं, मग डोक्यातून कानातला खडा काढून बाटलीत टाकायचा. तांदळाच्या कणीएवढा असतो. त्यावरची वलयं मोजून मॅडम माशाचं वय सांगतात. आठवड्याला पन्नास मासे मोजून द्यायचे, एवढं माझं काम. गंमत म्हणजे मी समुद्र पाहिलेला नाही. आमचं गाव परभणीकडं, तिथून आलो तो थेट शिफ्टलाच.

आज गणपतीमुळे बाजार थंड होता, पेट्या भरून मिळाल्या, पण रिजेक्शन फार. जवळजवळ निम्मा माल अंडरसाइज. मोजायच्या टेबलासमोर भिंतीवर मॅडमच्या सरांच्या काळातला तक्ता आहे. पूर्ण वाढलेला बांगडा किती ते किती सेंटिमीटर, सगळं चित्रासकट. म्हणजे कंपनीत पार्टची मापं दाखवणारं असायचं तसं ड्रॉइंगच ते. त्यात बसेल तो पास. बसणार नाही तो डावीकडे लाल डब्यात, चिठ्ठी लावून, आणि डबा भरला की खालच्या व्हरांड्यातल्या फ्रीझरमध्ये. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "खराब असतील ते बाजूला काढा भाऊ." एवढं सांगायचीही गरज नव्हती, ते अंगात मुरलंय.

२७ सप्टेंबर

मॅडमनी आज नऊ वर्षांचा ग्राफ दाखवला. पहिली साडेसात वर्षं रेघ खाली खाली. बांगडा दरवर्षी थोडा लहान. आणि मी आल्यापासून? एकदम वर चढून सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. माझी छाती दोन इंच फुगली. कंपनीत असा ग्राफ आला असता तर प्लँट हेडनं पेढे वाटले असते.

मॅडम मात्र कपाळाला हात लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भीमराजभाऊ, हे कसं शक्य आहे? किनाऱ्यावर सगळे म्हणतात मासा बारका झाला. केरळवाल्यांचा बारका झालाय, कर्नाटकवाल्यांचा झालाय. माझाच कसा नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, पूर्वीची मोजणारी पोरं हलक्या हाताची असतील. आता काम पक्कं आहे."

"पेटीतले सगळे मासे बघता ना?"

"एकही पीस तपासल्याशिवाय सोडत नाही."

त्या मान हलवून गेल्या. चांगल्या रेघेचं एवढं वाईट का वाटावं, मला कळलं नाही. शिकलेल्या माणसांचं काही खरं नाही.

१२ ऑक्टोबर

धम्मचक्र दिन. विहारात जाऊन आलो, पांढऱ्या साडीत आम्रपाली अजून तशीच दिसते, असं म्हटलं तर म्हणाली, "लोणी लावू नका, भाजी निवडा."

कालच्या पेट्यांची हकीकत मेथी निवडता निवडता तिला सांगितली. एक मासा तर एवढासा, माझ्या बोटाहून थोडा लांब, आणि पोट दाबलं तर गाभोळी! अंगानं पोर आणि पोटात अंडी. असा पीस मी कधी पास करणार? चिठ्ठीवर लिहिलं, 'अंडरसाइज, गाभोळीसकट', आणि लाल डब्यात. पूर्वी असा एखादाच निघायचा, हल्ली दर पेटीत निघतात.

ती म्हणाली, "मग ते लाल डब्यातले घरी आणा की. रव्यात घोळवून तळते."

मी उडालोच. रिजेक्ट माल गेटबाहेर? अजून चोरीचा एक डाग नाही माझ्या नावावर.

"अहो, पण बारका झाला म्हणून मासा नाही का तो?" असं विचारून ती खिचडीला फोडणी द्यायला गेली. बायकांना टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, ते समजावणं अवघड आहे.

२५ ऑक्टोबर

आज यशोदाबाईंना बाजारात धरलं. टेम्पो त्यांचा, हर्णैच्या बोटींशी व्यवहार त्यांचा. म्हटलं, "बाई, माल बिघडलाय तुमचा. रिजेक्शन दर महिन्याला वाढतंय. असं चालायचं नाही."

त्या बर्फ फोडत होत्या. हातातला दांडा तसाच वर धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "दादा, मी काय बांगडं घरी बनवते व्हय? जाळ्यात येतं ते तुमास्नी देते. तुमच्या मॅडमनं सांगितलंय, निवडायचं नाही, येतील तसं भरायचं. मी एक मासा इकडचा तिकडं करत नाही, शप्पथ."

"मग बारके का येतात?"

"ते तुमी शिकल्याली माणसं सांगा! पाणी तापलंय, मोठा मासा खोल गेलाय, म्हणतात नाखवा. आणि बारक्या पोरींना पोरं व्हायला लागली. काळच तसा."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी पेट्या उचलल्या आणि निघालो. रस्ताभर हाच विचार, की सप्लायर यशोदाबाई नाही, बोटीचा मालक नाखवाही नाही. सप्लायर समुद्र. आता त्याला तक्रारीची नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची?

८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिला माल. पास पन्नास भरायला दोन पेट्या पुरल्या नाहीत, यशोदाबाईंकडून तिसरी आणली. दुसरा फ्रीझरही लाल डब्यांनी भरत आला. मॅडमना म्हटलं, रिजेक्टला जागा पाहिजे. त्या कॉम्प्युटरवरून मान न काढता म्हणाल्या, "फुटलेले ना? बघू हां भाऊ." आधी एवढ्या हसायच्या या बाई. जेवणाचा डबा उघडून माझ्याबरोबर बांगड्याचं तिखलं खायच्या. आता टेबलावरच बिस्कीट.

२२ नोव्हेंबर

वाईट बातमी. अनुदान देणारी कमिटी आहे, तिचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, बांगडा सावरलेला दिसतो, गेल्या दीड वर्षात काही बदल नाही, मग अभ्यास चालू ठेवायचं कारण काय? जानेवारीत शेवटची बैठक, मार्चअखेर प्रयोगशाळा बंद. म्हणजे मॅडमची नऊ वर्षं पाण्यात आणि माझं पुन्हा घरी बसणं.

मॅडम म्हणाल्या, "सावरला असता तर मला आनंदच होता हो. माझे वडील बोटीवर होते. पण मला ते खरं वाटत नाही आणि तुमची मापं तर चोख आहेत. गेल्या महिन्यात मी चोरून तुमचे वीस मासे परत मोजले. केसाचा फरक नाही."

चोरून मोजले याचं वाईट वाटलं नाही. इन्स्पेक्टरवर इन्स्पेक्शन असावंच. पण मापं चोख असून बाई रडकुंडीला का येते, हे कोडं सुटेना. घरी आलो तरी जेवण गेलं नाही. या वयात मला कोण उभं करणार? हिंजवडीच्या गेटवर सिक्युरिटीत उभा राहू? कंपनी सुटल्यावर सहा महिने मी घरात नुसता पंख्याकडे बघत होतो. ते परत नको. मला त्याची भीती वाटते, इथं लिहायला काय जातंय.

मी माझ्या परीनं ठरवलं. काम अजून कडक करायचं. जरा शंका आली तरी लाल डबा. कमिटीनं बोट ठेवायला जागा राहता कामा नये.

१२ डिसेंबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे लाइट जाणार. आज सकाळी गेली ती दुपारी चारला आली. फ्रीझरमधून पाणी ओघळून व्हरांडाभर पसरलं, आणि नेमकं कॉलेजला आलेल्या पाहुण्यांच्या पायाखाली.

कॉलेजच्या स्टोअरचे हिंदुराव धावत आले. इथल्याच जुन्या गावठाणातला माणूस, मनानं चांगला पण आवाज चढाच. "आवो भीमराजभाऊ, ह्यो वास हाय का काय हाय! प्राचार्यांनी सांगितलंय, सोमवारपतुर दुसरा फ्रीझर रिकामा पायजे. त्यात तसं बी भंगारच हाय न्हवं?"

"भंगार नाही, रिजेक्ट आहे."

"फरक काय?"

"रिजेक्ट माल इन्चार्जच्या सहीशिवाय भंगार होत नाही."

"माशाला सही?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या बापजाद्यांनी असलं ऐकल्यालं न्हाई. सोमवारी घंटागाडी आली की मी उचलून देणार. काय त्या सह्या-बिह्या तवर उरका."

१६ डिसेंबर, सोमवार

नीट क्रमानं लिहितो, नाहीतर मलाच समजायचं नाही.

सकाळी स्क्रॅप नोट तयार करून मॅडमकडे गेलो. त्या समारोपाचा अहवाल लिहीत होत्या, खोकी भरून ठेवलेली. म्हटलं, रिजेक्ट माल टाकायचा आहे, सही द्या. त्यांनी न बघता सही केली आणि कागद सरकवला.

मी तिथंच उभा.

"आता काय भाऊ?"

"मॅडम, माल डोळ्यांनी बघून सही करायची असते."

"मी विश्वास ठेवते तुमच्यावर. जा."

"विश्वासाचा प्रश्न नाही. आमच्या कंपनीत न बघता सही केली की दोघांना मेमो मिळतो."

त्या चिडल्या. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "भीमराजभाऊ, माझं आयुष्य इथं खोक्यात चाललंय आणि तुम्हाला कुजक्या माशांची पडलीय!" खाली घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं होतं, हिंदुराव दोन माणसं घेऊन फ्रीझरपाशी. मी हललो नाही. का हललो नाही ते आता सांगता येत नाही, चूक असेल माझी, पण पाय हलेनात. शेवटी त्या तणतणत उठल्या आणि माझ्यापुढे चालायला लागल्या.

मी पहिला लाल डबा उघडला. त्यांनी वरचा मासा उचलला. चिठ्ठी वाचली. दुसरा उचलला. तिसरा. मग चालणं, तणतणणं सगळं थांबलं. बर्फानं बोटं लाल झाली तरी एकेक चिठ्ठी वाचतच होत्या.

"हे फुटलेले कुठे आहेत?"

"फुटलेले नाहीत. अंडरसाइज."

"कुणी ठरवलं अंडरसाइज?"

मी वर भिंतीवरच्या तक्त्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं चक्कर येतेय.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि किती टाकून दिले?"

इथं मला राग आला. "एकही नाही. रिजेक्ट माल टाकायचा अधिकार मला नाही. सगळा इथं आहे, तारखेवार, बोटीच्या नावासकट."

मॅडम पालथ्या पेटीवर बसल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मग एकदम ओरडल्या, "दीड वर्ष! दीड वर्ष मी वेड्यासारखी गणितं करतेय, समुद्राला खोटं पाडतेय, बापाला खोटं पाडतेय, आणि उत्तर माझ्याच व्हरांड्यात गारठून पडलंय! अहो, जे लहान झालेत तेच तुम्ही काढून टाकलेत! मग रेघ सरळ येईल नाहीतर काय होईल?"

म्हटलं गेली नोकरी. आणि तेवढ्यात त्यांनी खवल्यांनी भरलेल्या हातात माझा हात घट्ट धरला. शिव्या देताहेत की शाबासकी, काही कळेना. हिंदुरावही तोंड उघडं टाकून उभे. "मंग गाडीला काय सांगू?"

"जाऊ द्या म्हणावं," मॅडम म्हणाल्या. "आणि हिंदुराव, यातला एक मासा जरी कमी झाला ना, तर बघा!"

"आवो मी कशाला हात लावतुय! ह्यांच्याकडं सही हाय."

१७ डिसेंबर

झोपच लागली नाही. आम्रपालीला सगळं सांगितलं. ती बॉबिन भरत होती. म्हणाली, "मी ऑक्टोबरातच म्हटलं होतं, बारका झाला म्हणून मासा नाही का तो." म्हटली होती खरी. डायरी काढून बघितलं, माझ्याच अक्षरात आहे.

मला वाटत होतं मी मासे मोजतोय. मी तर तक्ता मोजत होतो. माझ्यामुळे एक बाई वेडी व्हायची बाकी होती, आणि मी छाती फुगवून हिंडत होतो. लाज वाटली. फार लाज वाटली. सकाळी मॅडमना म्हटलं, मी राजीनामा देतो.

त्या म्हणाल्या, "एवढे लाल डबे कोण मोजणार मग? हातमोजे घाला."

४ जानेवारी २०२५

रोज लाल डबे. मासा वितळवायचा, मापायचा, पोट फाडायचं, खडा काढायचा. मॅडम शेजारी बसून वलयं मोजतात. पूर्वी जेवढं वय झाल्यावर मादीच्या पोटात अंडी यायची, त्याच्या कितीतरी आधी यायला लागलीत. मॅडम म्हणाल्या, पाणी गरम, जाळी बारीक, तिला माहीत नाही किती दिवस मिळणार, म्हणून घाई करते. मी म्हटलं, घाईत केलेल्या कामाची क्वालिटी राहत नाही. त्या म्हणाल्या, हो ना.

मग मी पुढचा मासा वितळायला ठेवला.

१० जानेवारी

ग्राफ नवीन आला. रेघ साडेसात वर्षं जशी चालली होती तशीच पुढे खाली, आता आणखी उताराची. मॅडमचं काम वाचलं. कमिटीपुढं त्यांनी चूक न लपवता सांगितली, लाल डबेही दाखवले म्हणे. बैठकीत एकजण हसला, मग कुणी हसलं नाही. तीन वर्षं वाढवून मिळाली. माझंही नाव यादीत आहे.

आनंद व्हायला पाहिजे. झालाही, आम्रपालीनं शिरा केला. पण कंपनीत अशी रेघ दिसली की आम्ही बटण दाबून लाइन बंद करायचो, कारण सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही. इथं बटण कुणाकडं आहे, मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारच्या पेट्या आणा.

१५ फेब्रुवारी, हर्णै

मॅडमनी आम्हा दोघांना गावी आणलं. म्हणाल्या, मासा कुठून येतो ते एकदा बघा. मी याला सप्लायर व्हिजिट म्हणतो. आयुष्यात सप्लायरकडं गेलो तो नेहमी झापायलाच, तेव्हा एसटीत बसल्या बसल्या काय काय बोलायचं ते जुळवत होतो.

समुद्र दिसल्यावर आम्रपालीनं माझा दंड धरला. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.

बोटी आल्या. पहिली टोपली किनाऱ्यावरच घेतली, मॅडमनी वही उघडली. पहिला बांगडा माझ्या हातात आला तो एवढासाच, बोटाहून थोडा लांब. पोट दाबलं तर गाभोळी. माझा हात आपोआप डावीकडं गेला. तिथं डबा नव्हता, नुसती वाळू. मॅडम बघत होत्या. मी हात परत आणला, मासा पट्टीवर ठेवला आणि माप सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

"मग हा पास की नापास?" आम्रपालीनं विचारलं.

"नापास कोण झालंय तेच कळेना," मी म्हटलं.

टोपली संपल्यावर पँट वर करून पाण्यात गेलो. फेब्रुवारीतली सकाळ, मला वाटलं पाणी गार असेल. कोमट होतं. एसटीत जुळवलेलं सगळं बोलणं विसरलो. दीड वर्ष यानं मला जसा होता तसा माल पाठवला, आणि मी त्याला रिजेक्टच्या चिठ्ठ्या लावत बसलो. म्हटलं, "माल तुमचा बरोबर होता. ड्रॉइंग आमचं जुनं होतं."

आम्रपाली मागं साडी सावरत उभी होती. "अहो, कुणाशी बोलताय?"

"सप्लायरशी," मी म्हटलं.